उजव्या कोपऱ्यातला आकडा

संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या घरात आकडे बोलले जातात. "माझं बावीस." "माझं नऊ, मला आधी लावू दे." "तुझं एक्केचाळीस आहे, तू कशाला अडवून बसलीस?" कशाचे बावीस आणि कशाचे नऊ, हे कोणी विचारत नाही. पाहुणा आलेला असला तरी त्याला कळतं, आणि तोही हळूच खिशातून फोन काढून आपला आकडा बघून घेतो. घरात चार्जिंगच्या जागा तीन. एक टीव्हीच्या मागे, एक सासऱ्यांच्या उशाशी आणि एक मिक्सरशेजारी. मिक्सरशेजारची वायर तोकडी असल्यामुळे तिथे लावलेला फोन कणकेच्या डब्यावर ठेवावा लागतो आणि पोळ्या होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही असा नियम आहे.

आकडा एकच असला तरी तो प्रत्येकाला वेगळा दिसतो. मुलगी चार टक्क्यांवर आरामात रील बघत पडते. फोन बंद झाला की "अरे" म्हणते, तेवढंच. नवऱ्याचा फोन साठच्या खाली गेला की त्याचं गप्पांतलं लक्ष उडतं आणि नजर भिंतींच्या खालच्या कडेने फिरायला लागते. सासरे पंचाण्णवचा फोन शंभर करून घ्यायला पुन्हा लावतात. शंभर झाले की बटण बंद, पिन बाहेर, वायरची नीट गुंडाळी आणि गुंडाळी खणात. बॅटरी सतत काठोकाठ भरून ठेवली तर ती लवकर थकते, ऐंशीपर्यंत भरली तरी चालतं, नव्या फोनांत तशी मर्यादा घालायची सोयच दिलेली असते, असं मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि वरचे वीस काय शोभेला दिलेत?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

तो आकडा इतक्या ठामपणे लिहिलेला असतो की कुठेतरी आत तो सरळ मोजला जात असणार असं वाटतं. तसं काही नसतं. लिथियम-आयनच्या सेलमध्ये डोकावायला भोक नाही आणि बुडवून बघायला पट्टी नाही. बाहेरून कळतं ते व्होल्टेज. पूर्ण भरलेली असताना ते साधारण ४.२ असतं आणि उतरत उतरत तीनच्या आसपास येतं. हे उतरणं एकसारखं असतं तर काहीच अडचण नव्हती. पण ही बॅटरी सुरुवातीला जराशी उतरते, मग मधला मोठा पल्ला जवळजवळ सपाट चालते आणि अगदी शेवटी भसकन खाली येते. त्या मधल्या सपाटीवर सत्तर कुठे आणि चाळीस कुठे, हे नुसत्या व्होल्टेजवरून धड सांगता येत नाही. म्हणून फोनमध्ये एक बारकी चिप बसवलेली असते. आत किती गेलं, बाहेर किती आलं याची नोंद ती ठेवते, अधूनमधून व्होल्टेजशी ताडून बघते, तापमान धरते, बॅटरीचं वय धरते आणि त्यातून एक अंदाज काढते. आपल्याला दिसतो तो हा अंदाज. त्याच्या आधी 'सुमारे' लिहायला वरच्या पट्टीत जागा नसते.

त्या अंदाजाची दोन्ही टोकंसुद्धा कोणीतरी ठरवलेली. शून्यावर फोन बंद पडतो तेव्हा सेल कोरडी ठाक नसते. पूर्ण उतरू दिली तर ती कायमची बिघडू शकते, म्हणून थोडं शिल्लक असतानाच फोन हात वर करतो. आणि शंभर म्हणजे आज जेवढं मावतं तेवढं. कोऱ्या फोनचे शंभर आणि तीन वर्षं घासलेल्या फोनचे शंभर शेजारी शेजारी ठेवले तर काही फरक दिसणार नाही. दुपारी दोन वाजता दिसेल. २०१७ च्या डिसेंबरात ही गोष्ट जगभर गाजली. बॅटरी थकलेले आयफोन आपण मुद्दाम थोडे मंद चालवतो, हे तेव्हा ॲपलने मान्य केलं. जुन्या बॅटरीवर एकदम भार आला की ती दम सोडते आणि फोन अचानक बंद पडतो, ते टाळायला हे केलं, असं कारण दिलं. कारण खोटं नव्हतं, फक्त आधी सांगितलेलं नव्हतं. पुढच्या मार्चमध्ये सेटिंगच्या आत बॅटरीच्या तब्येतीचा वेगळा आकडा दिसू लागला. म्हणजे आता शंभराचेही टक्के निघाले. माझ्या फोनचे शंभर सध्या मूळच्या शंभराचे एक्क्याऐंशी आहेत. हे कळल्यापासून माझ्या आयुष्यात काही सुधारलेलं नाही.

या बॅटरीचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यातले एक जॉन गुडइनफ. १९८० मध्ये ऑक्सफर्डला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट ऑक्साइडचं काम केलं, आणि १९९१ मध्ये सोनीने अशी बॅटरी बाजारात आणली. गुडइनफना नोबेल मिळायला २०१९ उजाडलं. स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्याबरोबर ते मिळालं तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेलं नाही. २०२३ मध्ये ते शंभरी पार करून गेले. या गृहस्थांनी स्वतः खिशात कसला फोन ठेवला असेल आणि त्याच्या कोपऱ्याकडे ते कोणत्या नजरेने बघत असतील, असा एक रिकामटेकडा विचार माझ्या मनात येऊन जातो.

मोबाईल आमच्या आजोळी पहिल्यांदा पोहोचला तेव्हा टक्के नव्हते. कांड्या होत्या. आजोळ सांगली जिल्ह्यातलं, आणि फोन नोकिया ११००, ज्याला डोक्यावर टॉर्च होता आणि ज्याच्या बटणांत धूळ जात नव्हती. पडद्याच्या डाव्या अंगाला रेंजच्या कांड्या, उजव्या अंगाला बॅटरीच्या. ते लोडशेडिंगचे दिवस. शेतीच्या लाईटीला एक आठवडा दिवसाचा आणि एक आठवडा रात्रीचा, घरच्या लाईटीचा भरवसा नाही, त्यामुळे फोन कधी चार्जिंगला लावायचा हे कांड्यांपेक्षा महावितरणच्या वेळापत्रकावर ठरायचं. स्टँडवरच्या टपरीवाल्याकडे इन्व्हर्टर होता. तो पाच रुपयांत फोन भरून द्यायचा. ज्याला पाच रुपये द्यायचे नसत तो ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर जोडून बघायचा, आणि बहुतेक वेळा ते जमूनही जायचं.

मामाला विचारलं, "चार्जिंग आहे का रे?" तर तो पडद्याकडे बघून म्हणायचा, "दोन कांड्या हायत. बेस्तरवारच्या बाजारापातूर जातंय." मला हे उत्तर आता फार मोलाचं वाटतं. दोन कांड्या फोनने सांगितल्या, बाजाराचा दिवस मामाने. दिवसातून आपण किती बोलतो, मामी माहेरी फोन करणार आहे की नाही, उसाची टोळी कधी यायची आहे, हे सगळं त्याला ठाऊक होतं आणि फोनला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. कांडी इतकी ढोबळ होती की तिच्यात माणसाला आपल्याजवळची माहिती घालावीच लागे.

पण मी कांड्यांचे गोडवे गायला बसलेली नाही. शेवटची कांडी दगाबाज होती. बोलायला लागलं की एक कांडी गळायची आणि फोन ठेवला की पुन्हा उगवायची, कारण भार आला की व्होल्टेज दबतं आणि भार उतरला की सावरतं. एका कांडीवर सुरू केलेलं बोलणं पूर्ण होईलच असं नसे. मामाच्या मुलीच्या स्थळाचं बोलणं असंच ऐन देण्याघेण्याच्या मुद्द्यावर तुटलं होतं. पलीकडच्यांना वाटलं, रागाने फोन ठेवला. ते लग्न पुढे झालं, पण ती बोलणी माणूस पाठवून नव्याने सुरू करावी लागली होती.

वडिलांच्या चेतक स्कूटरला पेट्रोलचा काटाच नव्हता. टाकीत किती आहे हे बघायचं तर सीट उचलायची, झाकण उघडायचं आणि गाडी जरा हलवून आतल्या लाटेचा आवाज ऐकायचा. एरवी बघायची गरज पडत नसे. चालू गाडी रस्त्यात फुरफुरायला लागली की वडील न थांबता खाली हात घालून कॉक फिरवत आणि मागे बसलेल्या आईला सांगत, "रिझर्वला लागली." यात कसलंही यंत्रज्ञान नव्हतं. टाकीत पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं एक तोंड थोडं उंचावर, दुसरं तळाशी. वरच्या तोंडाखाली पातळी गेली की इंजीन उपाशी राहायचं, कॉक फिरवला की तळातलं मिळायचं. अंदाज नाही, हिशेब नाही, नुसती नळीची उंची. त्यामुळे ती कधी खोटं बोलली नाही. रिझर्ववर किती जाते हे वडिलांना पाठ होतं, आणि त्या अंतरात पंप कोणता हेही. टाकी त्यांना एकच गोष्ट सांगायची, ऐन वेळी आणि एकदाच, आणि एवढ्यावर आमच्या घराने किती तरी वर्षं मुलांच्या शाळा, लग्नकार्यं आणि दवाखाने केले. धोका एकच होता. पेट्रोल भरल्यावर कॉक मागे फिरवायचा राहिला, तर पुढच्या वेळी गाडी काही न सांगता थांबायची. मग स्कूटर एका अंगावर झुकवायची, कोपऱ्यातलं थेंबथेंब पेट्रोल नळीकडे आणायचं आणि देवाचं नाव घेऊन किक मारायची.

फोनला असा रिझर्व नाही. शंभरापासून एकापर्यंत तो बोलतच असतो. सव्वीस, पंचवीस, चोवीस. पंचवीस आणि चोवीस यांच्यात माझ्यासाठी काय बदललं? काही नाही. तरी मी ते बघते. आणि बघायला पडदा उजळते, त्यातही थोडं जातं.

टक्के दाखवायचे की नाहीत यावर मोठ्या मोठ्या कंपन्याही एका जागी ठरलेल्या नाहीत, याचं मला जरा बरं वाटतं. आयफोनवर टक्क्यांचा आकडा आला २००९ मध्ये. २०१७ च्या आयफोन टेनला कपाळावर खाच आली, बाजूला जागा उरली नाही, आणि आकडा पडद्याआड गेला. बघायचा तर कोपऱ्यातून बोट खाली ओढा. मला ही योजना वाईट वाटत नाही. ज्याला हवं त्याने विचारावं, फोनने उगाच बोलू नये. पण लोक दिवसभर कोपऱ्यातून बोटं ओढत राहिले, कुरकुरत राहिले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात आकडा परत आला, तो थेट बॅटरीच्या चित्राच्या पोटात. त्यात एक गंमत झाली. आतला आकडा कमी होत जायचा आणि बाहेरचं चित्र मात्र भरलेलंच राहायचं. बॅटरी काठोकाठ रंगलेली आणि मधोमध लिहिलेलं पस्तीस. चित्रावर विश्वास ठेवावा की आकड्यावर? लोकांनी ओरड केली आणि पुढच्याच महिन्यात चित्रही आकड्याबरोबर उतरायला लागलं. इतकी हुशार माणसं, इतका पैसा, आणि नखाएवढ्या चित्राचं हे असं. कारण प्रश्न चित्राचा नव्हताच. चित्र एका दृष्टिक्षेपात सांगतं की काळजी नको. आकडा सांगतो की मोजत राहा. दोघांना एका पेटीत कोंबलं की ते भांडणारच.

मग सरळ वेळच का सांगू नये? अमुक तास उरले, इतकं स्पष्ट. हे करून बघितलेलं आहे. लॅपटॉपवर कित्येक वर्षं 'इतके तास इतकी मिनिटं शिल्लक' असं यायचं, आणि ते वाचून हसू यायचं. चार तास म्हणायचा, एखादा व्हिडिओ लावला की दीड तासावर यायचा, बंद केला की पुन्हा तीन. २०१६ च्या डिसेंबरात ॲपलने मॅकबुकच्या वरच्या पट्टीतून हा वेळेचा अंदाज काढूनच टाकला. नव्या लॅपटॉपची बॅटरी सांगितल्याइतकी चालत नाही अशा तक्रारी तेव्हा येत होत्या. वापर क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळे उरलेल्या वेळेचा आकडा नीट येत नाही, अशी कंपनीची बाजू होती. टक्के राहिले, वेळ गेली. काहींनी याला लपवाछपवी म्हटलं. मला त्यात थोडी कबुलीही दिसते: पुढचं सांगता येत नाही.

आताच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत तो अंदाज पुन्हा वेगळ्या रूपात आला आहे. वरून पडदा ओढला की 'रात्री साडेनऊपर्यंत पुरेल' अशा अर्थाचं काही दिसतं. हे वाक्य मला आवडतं. घरच्या माणसाने म्हणावं तसं आहे ते. पण फोनला हे कळतं ते माझ्या सवयींवरून. काल, परवा, मागच्या आठवड्यात मी या वेळेला काय करत होते ते त्याने धरलेलं असतं. रोजच्यासारखा दिवस असेल तर तो बरोबर येतो, आणि रोजच्यासारख्या दिवशी मला त्याची गरज नसते. गरज पडते ती ज्या दिवशी कोणाला तरी अचानक दवाखान्यात न्यावं लागतं, ज्या दिवशी गाडी बंद पडते, ज्या दिवशी कशेडी घाटात दरड येऊन वाहतूक थांबते आणि रेंज नसल्यामुळे फोन टॉवर शोधत शोधत गरम होत राहतो. रेंज कमी तिथे बॅटरी जास्त जाते. म्हणजे माणूस एकटा पडला की फोनही भराभर संपतो. त्या दिवशी साडेनऊचं वाक्य दुपारी तीनलाच गार होतं.

जुन्या फोनच्या खोक्यावर दोन वेगवेगळे आकडे छापलेले असायचे. बोलत राहिलात तर इतके तास, नुसता चालू ठेवलात तर इतके. दोन्ही जरा फुगवलेले असत, ते सोडा. पण त्यांच्यात एक 'तर' होता. असं केलंत तर असं, तसं केलंत तर तसं. खोक्यावरचा तो 'तर' फोनच्या आत कधी आलाच नाही. मला विचारलं तर फोनने एरवी गप्प बसावं, विचारलं तर टक्के सांगावेत, आणि एका ठरावीक जागी येऊन एकदाच म्हणावं: नकाशा चालू ठेवलास तर पाऊण तास, बंद करून नुसते फोन घेतलेस तर रात्रीपर्यंत. पुढचं मी बघते. पुढचं बघणं हे माझं काम आहे, ते मला कोणी काढून घेतलेलं नको आहे.

वीस टक्क्यांवर येणारी ती सूचना आणि तो लाल रंग यांच्याबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. वीसच का? सकाळी दहा वाजता वीस आणि रात्री अकराला वीस या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री अकराला, उशाशी चार्जर असताना, तो लाल रंग नुसता छातीत धस्स करायला येतो. आणि माणसाच्या धस्स होण्याला गिऱ्हाईक असतं. २०१६ मध्ये उबरचे अर्थतज्ज्ञ कीथ चेन एका मुलाखतीत सांगून गेले की फोनची बॅटरी संपत आलेली असेल तर लोक वाढीव भाडं द्यायला जास्त तयार होतात. आपण भाडं ठरवताना ही माहिती वापरत नाही, असंही त्यांनी सांगितलं. वापरत नसतीलही. पण माहिती होती. ॲपला तुमचा आकडा दिसत होता.

वेबसाइटनाही दिसत होता. ब्राउझरमधून बॅटरीची पातळी वाचायची सोय मुळात चांगल्या हेतूने दिलेली होती: फोन उतरलेला असेल तर साइटने हलकं पान पाठवावं. पुढे संशोधकांनी दाखवून दिलं की या आकड्यांवरून माणूस एका साइटवरून दुसऱ्या साइटवर गेला तरी ओळखता येतो. २०१७ मध्ये फायरफॉक्सने ही खिडकी बंद करून टाकली. तोपर्यंत माझे सव्वीस टक्के हे फक्त माझे आहेत अशा समजुतीत मी होते.

यावर रागवायला बसावं तर शेजारच्या काकू आठवतात. त्यांचा मुलगा डब्लिनला असतो. त्याने गूगल मॅप्सवर आपण कुठे आहोत हे आईला दिसेल अशी सोय करून दिली आहे. नकाशावर त्याचा गोल फोटो आणि त्याखाली त्याच्या फोनची बॅटरी. काकूंना डब्लिनचे रस्ते कळत नाहीत, इंग्रजी नावं त्या वाचत नाहीत, पण बॅटरी कळते. हिवाळ्यात तिकडची वेळ आपल्यामागे साडेपाच तास, म्हणजे तो घरी परतायच्या वेळेला इथे मध्यरात्र असते. काकू जाग्या असतात. "अकरा टक्क्यांवर आलाय आणि अजून वाटेतच आहे," हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात सांगितलं. "फोन करावासा वाटला. पण केला तर तेवढी पण जायची त्याची." म्हणून त्या नकाशा उघडून बसल्या. मग त्या आकड्याशेजारी चार्जिंगची खूण आली. "लागला चार्जिंगला," काकू म्हणाल्या. "म्हटलं, पोचला. मग झोपले."

हे प्रेम आहे की पाळत? मुलालाही बहुधा प्रश्न पडत असावा. एकदा तीन टक्क्यांवर असताना त्याला आईचा मेसेज आला, 'चार्जर बरोबर ठेवत जा', आणि तो त्या वेळी जिथे होता तिथे आईचं लक्ष नसावं असं त्याला वाटत होतं, एवढं त्याने काकूंनाच हसत हसत सांगितलं. सोय त्याने अजून बंद केलेली नाही. बॅटरी बनवणाऱ्यांनी आणि तिचं चित्र काढणाऱ्यांनी या कामासाठी तो आकडा नक्कीच ठेवला नव्हता.

मागच्या आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्यातून सासवडकडे निघाली त्या सकाळी मी हडपसरला होते. रस्त्याच्या कडेला चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, पायांना तेल लावून देणारे, चपला शिवून देणारे, आणि त्यांच्या ओळीत एका गणेश मंडळाच्या पोरांनी मांडलेलं मोबाईल चार्जिंगचं टेबल. लांब फळी, फळीवर रांगेने पिनांच्या जागा, वायरींचं जंजाळ, प्रत्येक फोनला चिकटपट्टीवर नंबर आणि तोच नंबर मालकाच्या हातात चिठ्ठीवर. बहुतेक फोन साधे बटणांचे, काही मोठ्या पडद्याचे आणि त्यातले बरेच तडे गेलेले. टेबलामागचा मुलगा अठरा-एकोणीसचा असेल.

एक म्हातारे वारकरी आपला फोन न्यायला आले. फोन हातात घेऊन त्यांनी विचारलं, "सासवडपर्यंत जाईल का रं?"

मुलाने पडद्याकडे पाहिलंच नाही. त्याने म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "माउली, व्हिडिओ बघता का?" "न्हाय." "भजन लावता?" "चालताना कशाला लावू, दिंडीत चालूच असतंय." "फोटो?" "नातीनं सांगितलंय घाटात काढाया. एक-दोन." "मग जातंय की. उद्या दुपारपर्यंत जातंय."

मी शेजारीच उभी होते आणि मनातून फार खूश झाले होते. मी इतके दिवस जे म्हणत होते ते हे पोरगं करून दाखवत होतं. अवजड आकडा नाही, भीती नाही, तीन प्रश्न आणि एक उत्तर. मामाच्या बेस्तरवारपासून इथपर्यंत एक सरळ रेघ मला दिसायला लागली होती.

म्हातारे हलले नाहीत. "ते झालं," म्हणाले. "पण किती झालं ते सांग. देताना अकरा व्हतं. मी बघून दिलंय."

मुलगा हसला आणि त्याने पडदा त्यांच्यासमोर धरला. "त्रेसष्ट, माउली." म्हाताऱ्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, स्वतः वाचलं, मान डोलावली आणि मगच चिठ्ठी परत केली. पोराच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. पण वस्तू सोपवली तेव्हा काय होतं आणि परत घेताना काय आहे, हे आपल्या डोळ्यांनी बघून घ्यायची त्यांची रीत होती, आणि त्या रीतीपुढे माझी सरळ रेघ जरा वाकडी झाली. उद्या दुपारपर्यंत जाईल हे पोराचं सांगणं खरं ठरेल की नाही, ते उद्याच दुपारी कळणार. अकराचे त्रेसष्ट झाले हे मात्र आत्ता, इथे, दोघांसमोर होतं. त्या आकड्याला मी नुसतं काळजी वाढवणारा म्हणत आले होते. इथे तो पावती होऊन उभा राहिला. तो तरी अंदाजच, मला ठाऊक आहे. पण अंदाजाच्या पावतीवरही जगात बरंच काही चालतं.

त्यांच्यामागे एक बाई डोक्यावर तुळस घेऊन उभ्या होत्या. त्यांनी फोन पुढे केला. मुलाने पिन लावली, बटण दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. पडदा काळाच.

"मावशी, हा पार उतरलाय. इतका उतरला की थोडा वेळ काहीच दाखवत नाही."

"मग भरतंय का न्हाई ते कळायचं कसं?"

मुलगा चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत होता. "दिंडी कितवी तुमची?" त्याने विचारलं.